आमदारसाहेब, पाण्याचे नियम पटलावर कधी ठेवताय?

ऑक्टोबर उजाडला की आपल्याकडे ठरलेलं भांडण सुरू होतं. गोदावरीवरच्या पैठणच्या जायकवाडी धरणात किती टक्के, गंगापूर-दारणा-भंडारदरा-मुळा या वरच्या धरणांत किती टक्के, पाणी सोडायचं की नाही. नाशिक-नगरचे आमदार म्हणतात आमच्या हक्काचं थेंबभर पाणी देणार नाही, मराठवाड्याचे म्हणतात आमच्या हक्काचं घेतल्याशिवाय राहणार नाही, मग रास्ता रोको, मग कोर्ट, मग पोलीस बंदोबस्तात गेट उचलायचं. 2023 च्या नोव्हेंबरमधे 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायच्या आदेशावरून हेच झालं. नागपूरचं अधिवेशन जवळ असतंच, तिथेही तेच, फरक एवढाच की तिथे माईक असतो.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. हे भांडण जिल्ह्याजिल्ह्यांचं म्हणून मांडलं जातं तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. पाण्याचा हक्क जिल्ह्याला नसतो, माणसाला असतो, आणि तो हक्क ठरवून देणं हे विधिमंडळाचं काम आहे. आपल्या विधिमंडळाने त्यातलं अर्धं काम केलं, कायदे केले, चांगले केले, आणि उरलेलं अर्धं म्हणजे नियम, मोजमाप आणि पाणी घाण करणाऱ्यावरची जबाबदारी तसंच सोडून दिलं. त्या उरलेल्या अर्ध्यावर कुठलाच आमदार सभागृह बंद पाडत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण या वादात कायदा वाचलेली माणसं फार कमी भेटतात. 2005 साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच्या कलम 12(6)(ग) मधे लिहिलंय की टंचाईचा भार खोऱ्यातल्या सगळ्यांनी सारखा उचलावा म्हणून ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या धरणांमधल्या पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी राहील अशा रीतीने पाणी ठेवायचं. म्हणजे मराठवाड्यावर उपकार नाही आणि नाशिकवर दरोडाही नाही, नाशिक-नगरच्या आमदारांसकट सगळ्या सभागृहाने पास केलेला कायदा आहे. मेंढेगिरी समितीने त्याचं गणित मांडलं, 2014 ला प्राधिकरणाने आदेश काढला, 2016 ला मुंबई हायकोर्टाने तो उचलून धरला, 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून सोडायचं. तरी दरवर्षी पहिल्यापासून भांडण. का? कारण कायद्याखाली वर्षभर कोणी किती पाणी वापरलं याचा हिशोबच लोकांसमोर येत नाही, आणि जिथे हिशोब नसतो तिथे जो तो आपल्या डोळ्याला दिसेल तेवढंच खरं धरतो.

आता वरच्या बाजूचं म्हणणं. मी त्याला हलकं समजत नाही. दारणा 1916 चं, भंडारदरा 1926 चं, ब्रिटिशांच्या काळापासून तिथले शेतकरी ब्लॉक पद्धतीने, म्हणजे ठराविक क्षेत्राला वर्षानुवर्षं बांधून दिलेलं पाणी घेतात, पिढ्या गेल्या त्यावर, बागा उभ्या राहिल्या, कर्जं काढली गेली, आणि आता अचानक कोणी म्हणतं तुमचं पाणी तुमचं नाही तर राग येणारच ना. निळवंड्याच्या कालव्यांसाठी नगर-नाशिकमधल्या दुष्काळी गावांनी पन्नास वर्षं वाट बघितली, कालव्याला पाणी आलं ते थेट 2023 ला, त्या माणसाला समन्यायी वाटपाची भाषा ऐकवणं क्रूर वाटू शकतं. शिवाय कोरड्या नदीपात्रातून पाणी सोडलं की वाटेत किती मुरतं, किती मोटरी लागतात हे सगळ्यांना माहितीये, सोडलं तेवढं पैठणला पोचत नाही. हे सगळं खरं आहे.

पण मग एक विचारतो. पाणी वाटेत गळतं हा आक्षेप खरा असेल तर त्याचं उत्तर काय, खालच्याला पाणीच द्यायचं नाही, की पावसाळ्यातच नदी वाहती असताना, पात्र ओलं असताना, वाटणी करून टाकायची? कायद्यात ऑक्टोबरअखेर हा शब्द आहे, याचा अर्थ ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबा असा होत नाही. ऑगस्टपासून पाणी सोडायचं नियोजन केलं तर नासाडी कितीतरी कमी होईल, पण तसं नियोजन बांधील करणारा नियम पाहिजे, नाहीतर प्रत्येक अधिकारी परतीच्या पावसाकडे बघत बसणार आणि शेवटी नोव्हेंबरात बंदोबस्त मागवणार. आणि जुना हक्क म्हणाल तर तो मान्य करायलाच हवा, पण घनमीटरमधे. जुना आहे म्हणून अमर्याद आहे असं कुठल्या न्यायात बसतं?

तितकंच कडक मला मराठवाड्याच्या बाजूलाही बोलायचंय. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा आहे, पार परभणीत जातो. वरून पाणी आलं, जिंकलो, गुलाल उधळला, पुढे काय? ते पाणी कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत जातंय का हे बघायला कोणता आमदार जातो? मांजरा खोऱ्यात 2016 ला धरण कोरडं पडलं, लातूर शहरात पाणी भरायच्या ठिकाणी 144 कलम लावावं लागलं, एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, पहिल्या फेरीत 5 लाख लिटर. सगळ्या देशाने ते फोटो बघितले. आणि त्याच खोऱ्यात उसाचे मळे आणि साखर कारखाने होते. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीत ऊस जेमतेम चार-पाच टक्के आणि सिंचनाच्या पाण्यात निम्म्याहून जास्त वाटा त्याचा, हे आकडे नाशिक-नगरने केलेले नाहीत, मराठवाड्यावर लादलेलेही नाहीत. ऊस लावणारा शेतकरी वाईट नाही, त्याला एकमेव असं पीक मिळालंय ज्याचा भाव कायद्याने ठरतो आणि ज्याला गिऱ्हाईक बांधलेलं असतं, तो दुसरं काय करणार. पण 2005 च्याच कायद्यात उसासारख्या बारमाही पिकांना ठिबकची अट घालायची तरतूद आहे, मंत्रिमंडळाने 2017 ला उसाला ठिबक सक्तीचा निर्णयही घेतला, आणि अजून पाटाने मोकाट पाणी पिणारा ऊस बघायला फार लांब जावं लागत नाही.

माझ्या मामाचं शेत एका कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे. कुठला कालवा ते सांगत नाही, कारण टेलची गोष्ट सगळीकडे सारखीच असते. मामा दर हंगामाला सात नंबरचा फॉर्म भरतो, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज, पाणीपट्टीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या मागे ठेवतो. लहानपणी मी त्याच्याबरोबर पाळीला, म्हणजे आपल्या वाटणीच्या पाण्याच्या वेळेला गेलोय. रात्री दोनचा टायम मिळालेला, थंडी, चारीच्या, म्हणजे शेतापर्यंत पाणी आणणाऱ्या छोट्या पाटाच्या कडेला गोणपाट टाकून बसलेलो, मामा दर थोड्या वेळाने बॅटरी मारून चारीत बघायचा आणि परत बसायचा. पहाटे चारच्या सुमाराला पाण्याच्या आधी पाचोळा येताना दिसला, चारीतला सुका पाला पुढे ढकलत पाणी येतं तसा, मामा उठून उभा राहिला, फावडं घेतलं, आणि पाणी घोट्याएवढं झालं आणि तिथेच थांबलं. वर कोणीतरी दार फोडलं होतं. मामाने वर जाऊन भांडण केलं नाही, कारण वरचा त्याचा लांबचा साडू. त्या वर्षी धरण भरलेलं होतं. हे लक्षात घ्या, धरण शंभर टक्के भरलेलं होतं, आमच्या भागाचे आमदार धरणावर जाऊन साडी-चोळी वाहून आले होते.

म्हणून मला "कोकणातलं वाहून जाणारं पाणी वळवा, सगळे प्रश्न सुटतील" हे म्हणणं पटत नाही. यातही तथ्य आहे, नाही असं नाही. राज्याच्या एकूण पाण्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पश्चिमेला पडतो आणि समुद्रात जातो, गोदावरी खोरं तुटीचं आहे, त्यामुळे काही प्रमाणात वळवणं उद्या लागेलही. पण त्यातलं बरंचसं पाणी उचलायला वीज लागणार, बोगदे लागणार, वर्षानुवर्षं लागणार, आणि एवढं करून आलेलं पाणी त्याच कालव्यात पडणार ना ज्याचं दार पहाटे चार वाजता फुटतं? 2011-12 च्या आर्थिक पाहणी अहवालात आलं होतं की दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र 17.8 वरून 17.9 टक्क्यांवर गेलं, एक दशांश टक्का, आणि मधल्या काळात खर्च झाला सत्तर हजार कोटींच्या घरात. त्या आकड्यावरून केवढं रान उठलं, श्वेतपत्रिका निघाली. त्यानंतर वर्षानुवर्षं पाहणी अहवालात त्या टक्केवारीच्या जागी "उपलब्ध नाही" छापून येत राहिलं. आकडाच उपलब्ध नाही! ज्या सभागृहासमोर हे पुस्तक दरवर्षी ठेवलं जातं त्या सभागृहाने एकमुखाने आकडा मागायला नको होता का?

कायदा करून नियम न करण्याची आपली सवय तर फार जुनी आहे. महाराष्ट्राचा पाटबंधारे कायदा 1976 चा. त्याचे नियम पुढची कित्येक दशकं झालेच नाहीत, 1879 च्या मुंबई कायद्याखाली 1934 साली केलेले कालवा नियम चालवून घेतले गेले. वाल्मी या सरकारी पाणी-प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झालेले प्राध्यापक प्रदीप पुरंदरे हे किती वर्षं ओरडून सांगत होते, लेख लिहून, सरकारला पत्रं लिहून, शेवटी हायकोर्टात जनहित याचिका करून. 2005 च्या कायद्याने एकात्मिक जल आराखडा सहा महिन्यांत करायला सांगितला होता, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद नेमली होती, तर कित्येक वर्षं त्या परिषदेची बैठकच झाली नाही आणि आराखडा नसताना प्रकल्पांना मंजुऱ्या मात्र मिळत राहिल्या. भूजलाचंही तेच. 2009 चा कायदा 2014 ला अमलात आला, साठ मीटरपेक्षा खोल विहीर-बोअर नको म्हणतो, पिण्याच्या पाण्याचा स्रोत दूषित करायला बंदी करतो, आणि त्याच्या नियमांचा मसुदा लोकांसमोर आला 2018 ला. तोवर माझ्या ओळखीच्या गावांत आठशे-नऊशे फुटांवर बोअर गेले होते.

कोणी म्हणेल नियम ही बाबू लोकांची कामं, आमदाराचा त्यात काय संबंध, त्याला मतदारसंघ सांभाळायचाय. हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो कारण तो प्रामाणिक आहे, जो आमदार खालच्यांना पाणी द्या म्हणेल तो पुढच्या वेळी वरच्या भागातून पडेल. मग 1923 आठवा. सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव आणला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा. पास झाला. महाड नगरपालिकेने 1924 ला चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. आणि कोणी पाणी प्यायलं नाही, पिऊ दिलं गेलं नाही. 1926 ला बोल्यांनी परत ठराव आणला, अंमल न करणाऱ्या नगरपालिकांचं अनुदान थांबवा म्हणून, म्हणजे नुसता हक्क देऊन भागत नाही, अंमल न करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली पाहिजे हे त्या माणसाला तीन वर्षांत कळलं होतं. शेवटी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो लोकांना घेऊन तळ्यावर जावं लागलं, ओंजळभर पाण्यासाठी लोकांची डोकी फुटली, आणि तळ्याच्या खटल्यात कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला 1937 उजाडलं. ठराव 1923 चा, निकाल 1937 चा. आज आपण जायकवाडीवरून कोर्टात जातो, भूजलावरून कोर्टात जातो, नदीच्या घाणीवरून कोर्टात जातो, ते याच कारणाने, सभागृहाने सुरू केलेलं काम सभागृहाने पुरं केलं नाही म्हणून.

आणि पुरं करता येतं हे याच विधिमंडळाने दाखवलंय. 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी आली, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे तिच्या मागे उभे राहिले, 1977 ला कायदा झाला, आणि त्यात नुसतं "काम देऊ" नव्हतं, पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता द्यावा लागेल असं होतं, पैशासाठी व्यवसाय कर होता जो शहरातला नोकरदार भरत होता. मुंबईच्या पगारदाराने मराठवाड्यातल्या मजुराच्या कामाचे पैसे भरायचे हे तेव्हाच्या आमदारांनी मान्य केलं होतं. त्यांना मतदारसंघ नव्हते का?

शुद्ध पाण्याचा मुद्दा यात कुठून आला असं वाटत असेल तर इचलकरंजीकडे बघा, मला तर वाटतं सगळ्या राज्याने इचलकरंजीचा अभ्यास करायला पाहिजे. गाव पंचगंगेच्या काठावर. नदी दारात असलेलं गाव. वर कोल्हापूरचं सांडपाणी, साखर कारखान्यांची मळी, स्वतःच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसर्सचं रंगाचं पाणी, होता होता नदी अशी झाली की 2012 ला काविळीची साथ येऊन माणसं गेली. मग शहराने पाणी शोधायला सुरुवात केली. कृष्णेची योजना होतीच, ती पुरेना. वारणेतून आणायचं ठरलं तर दानोळीची माणसं रस्त्यावर आली, आमचं पाणी देणार नाही. मग दूधगंगेवर सुळकूडहून आणायचं ठरलं तर कागलकडची गावं उठली. आता ती गावं स्वार्थी आहेत का? दारातली नदी घाण करून आमच्या नदीवर येता, उद्या हीही घाण होईल, हा त्यांचा प्रश्न चुकीचा कसा म्हणायचा? आणि इचलकरंजीच्या झोपडपट्टीत बॅरल घेऊन उभ्या असलेल्या यंत्रमाग कामगाराच्या बायकोने तरी काय पाप केलंय, नदीत रंग तिने सोडला नाही. एका नदीच्या घाणीने तीन खोऱ्यांत भांडण लावलं. जे पाणी नासवलं ते वाटणीतून कमी झालं, मग उरलेल्यावर जास्त माणसं तुटून पडतात, इतकं साधं आहे हे. तरी आपल्याकडे वाटपाचा प्रश्न जलसंपदा खात्याचा, घाणीचा प्रश्न पर्यावरण खात्याचा, आणि पिण्याचा प्रश्न पाणीपुरवठा खात्याचा, तीन मंत्री तीन उत्तरं वाचतात.

पुणं-सोलापूरचं बघा. खडकवासला साखळीचं पाणी पुणं वापरतं, शुद्ध करून 6.5 टीएमसी शेतीला परत द्यायचं ठरलं, त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची पंपाची विहीर बांधली. परत मिळणाऱ्या पाण्याची मात्रा आणि प्रत दोन्हींबद्दल खालचे शेतकरी वर्षानुवर्षं तक्रार करतायत, बाकीचं मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत, आणि उजनीतून सोलापूरकर पाणी पितात, तेही अनेक वर्षं चार-पाच दिवसांआड. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट वाढले तेव्हा पाण्याकडे बोट दाखवलं गेलं, सगळं पुणं पाणी उकळायला लागलं. सोलापूरला ही भीती रोजची आहे, ती बातमी होत नाही.

मीटर बसवा, हिशोब ठेवा म्हटलं की गरीब शेतकरी मरेल अशी ओरड होते. मला उलट दिसतं. मोजमाप नसतं तेव्हा पाणी हेडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या, आणि वजनदार माणसाकडे जातं, मोजलं तर टेलच्या माणसाला दाखवायला कागद मिळतो. धुळे-नंदुरबारकडच्या फड पद्धतीत काही शतकं हे चाललंय, पाणी कमी आलं तर सगळ्यांचंच भिजणारं क्षेत्र कमी करायचं, पाणी वाटणारा पाटकरी गावाने नेमायचा. नायगावला विलासराव साळुंख्यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत केली, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. नाशिकजवळ वाघाड धरणावर टेलच्या ओझरकरांनी पाणी वापर संस्था काढल्या, पाणी मोजून घ्यायला लागले, मग हळूहळू अख्खा प्रकल्प शेतकऱ्यांच्या संस्थांनी चालवला, आणि पाणी हेडच्या हातात न राहता टेलला पोचलं. ही सगळी गरीब शेतकऱ्यांचीच कामं आहेत. 2005 ला शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा वेगळा कायदाही झाला, घनमापनाने पाणी देणारा. म्हणजे कायद्याची वाट लोकांनी आधी चालून दाखवलेली आहे.

उलट विधिमंडळाने पाण्यात एकदा फार घाईने काम केलं ते 2011 ला. शेतीसाठी बांधलेल्या धरणांचं पाणी उद्योगांना आणि शहरांना वळवण्याचे निर्णय आधी होऊन गेले होते, लोक विचारायला लागले, अमरावतीत अप्पर वर्ध्याच्या पाण्यावरून आंदोलन पेटलं, तर कायदाच दुरुस्त करून ते जुने निर्णय वैध करून टाकले. मागच्या तारखेपासून वैध करायला वेळ मिळतो, पुढच्या तारखेचे नियम करायला मिळत नाही, हे मला खुपतं, आणि ते कुठल्या एका पक्षाचं नाही, त्यानंतर सगळे सत्तेत येऊन गेले.

माझी मागणी म्हणून फार मोठी नाही. येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाका, लक्षवेधी लावा, नियम तपासणाऱ्या उपविधान समितीत विषय घ्या, आणि सरकारकडून तारीख घ्या: पाटबंधारे कायद्याचे आणि भूजल कायद्याचे पूर्ण नियम पटलावर कधी येणार, खोऱ्यातली टक्केवारी ऑगस्टपासून दर पंधरवड्याला जाहीर करणार का, कुठल्या धरणातून कुठल्या चारीला किती घनमीटर गेलं हे गावाच्या चावडीवर लागणार का, आणि जे शहर किंवा कारखाना घाण पाणी सोडतो त्याचा वाढीव कोटा मंजूर करताना ती घाण त्याच्या खात्यावर मांडणार का. नाशिकच्या आमदाराने विचारलं तरी चालेल, परभणीच्या आमदाराने विचारलं तरी चालेल, यातला एकही प्रश्न एकमेकांच्या विरोधात नाही.

गेल्या दिवाळीत मामाकडे गेलो होतो. टीव्हीवर हेच चाललेलं, इतके टक्के, तितके टक्के. मामा सत्तरीला आलाय, अजून फॉर्म भरतो, पावत्यांची पिशवी आता दोन झाल्यात. मला म्हणाला, तू लिहितोस ना, मग एवढं विचार त्यांना, पाणी सुटलं की आमच्या चारीला किती आणि किती तास, हे आधी लिहून मिळेल का?